उलटी तबकडी

यूथ पास्टर डेलमारनं सुई उचलली,
तबकडीवर बोट टेकवलं आणि ती उलटी फिरवली.
चर्चच्या तळघरात आम्ही तेवीस मुलं,
मुली डावीकडे, मुलगे उजवीकडे.
घर्रर्र, मग कुणी पाण्याखाली जांभई दिल्यासारखं काहीतरी.
"ऐकलंत? सैतान बोलतोय."
सगळे हो म्हणाले.
मीही हो म्हणाले.

पंच्याऐंशीचा ऑक्टोबर. आर्कान्सातलं आमचं गाव,
चार हजार वस्ती, एकोणीस चर्च,
डॉक्टर एक, तोही फक्त मंगळवारी.
त्या शनिवारी पार्किंगमध्ये होळी केली.
डीकन ऑरिन मॅडॉक्सनं रॉकेल आणलं,
बायकांनी भोपळ्याचा केक.
माझ्या भावानं, लाइलनं, बुटांच्या खोक्यातून
एकेक कॅसेट काढून आगीत टाकली,
लोकांचं गवत कापून जमवलेल्या पैशांची.
जळत्या प्लास्टिकचा वास गोडसर असतो,
केकही गोड होता.

सैतानाला त्या वर्षी उसंत नव्हती.
तो साबणाच्या वेष्टणावरच्या चंद्रात होता,
पत्त्यांत होता, निळ्या बाहुल्यांत होता,
हॅलोविनच्या चॉकलेटात ब्लेड होऊन बसला होता.
फक्त कोंबड्यांच्या कारखान्याकडे तो कधी फिरकला नाही,
जिथं बायांची बोटं जायची
आणि तासाचा पगार कापला जायचा.
मालक पहिल्या बाकावर बसायचा.
छपराचे पैसे त्यानंच दिले होते.

मग विल्हेल्मिना स्ट्राउड, पाळणाघरवाली.
कुणाच्या तरी स्वप्नात ती काळा झगा घालून आली.
मुलांना विचारलं, परत विचारलं,
इतक्यांदा विचारलं की मुलं हो म्हणाली.
मुलं हो म्हणतात. मला ठाऊक आहे.
कोर्टानं तिला सोडलं, गावानं नाही.
एका रात्री ती गेली, झोपाळे तसेच ठेवून.
माफी कुणी मागितली नाही,
केकसुद्धा कुणी नेऊन दिला नाही.

आणि त्याआधीचं एक, मी नऊ वर्षांची असतानाचं.
शाळेतून आले तर इस्त्री गरम, रेडिओ चालू,
घरात कुणी नाही.
मला वाटलं, झालं. प्रभू ढगांतून आला
आणि आपल्या माणसांना घेऊन गेला.
जिन्यावर बसून मी माझी पापं मोजली,
चोरलेलं खोडरबर धरून सात.
आई शेजारी अंडी द्यायला गेली होती.
पंधरा मिनिटं.
ती अजून संपलेली नाहीत.

प्रभू, मी कुठं गेले नाही, तुझीच आहे,
नदीपलीकडच्या अकरा माणसांच्या चर्चमध्ये, गळक्या छताखाली.
तू तर सरळच बोलला होतास रे,
भुकेल्याला भाकर, परक्याला ओसरी,
तुरुंगातल्याला जाऊन भेटणं.
उलटं फिरवून ऐकण्यासारखं त्यात होतं तरी काय?

लाइल आता टल्साला असतो, त्याच्या इफ्राइमसोबत.
डॅडींच्या दफनविधीला दोघं शेवटच्या बाकावर बसले,
कारण पुढच्या जागा
कुटुंबासाठी राखीव होत्या.

गेल्या गुरुवारी पुन्हा सभा, त्याच चर्चच्या हॉलमध्ये.
या वेळी शाळेच्या वाचनालयातली पुस्तकं.
डेलमार म्हातारा झालाय, कानात मशीन,
पण बोट तेच. एका ओळीवर टेकवून त्यानं ती वाचली,
मान वर केली: "ऐकलंत?"
हॉल हो म्हणाला.

मी उभी राहिले. गुडघा वाजला, तो सगळ्यांना ऐकू गेला.
"तुम्ही मधूनच वाचलंत, डेलमार.
मागचं पान वाचा. मुलगी का रडतेय, ते तिथं आहे."

टाळ्या कुणी वाजवल्या नाहीत.
तो चष्मा शोधत राहिला.
ऑरिनच्या विधवेनं मात्र खुर्ची थोडी सरकवून
मला वाट करून दिली, नजर खाली ठेवून.

बाहेर गाडी नेमकी तिथंच लावली होती
जिथं त्या रात्री डांबर वितळलं होतं.
चाळीस वर्षं झाली, दर वसंतात नवा पट्टा ओढतात,
पांढरा रंग
त्या जागी धरत नाही.